विंटेज आणि भंगार यांच्या मधली जीप

आपल्याकडच्या कायद्याला जुन्या गाडीची दोनच रूपे नीट ओळखू येतात. पन्नास वर्षे जपून, मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर ती ‘विंटेज’. तशी नसेल तर आज ना उद्या भंगार. या दोन टोकांच्या मध्ये महाराष्ट्रभर असंख्य गाड्या आहेत. त्या रोज चालल्या, घाटात घासल्या, उसाच्या रानात रुतल्या, मोडल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या. कुणाचे इंजिन बदलले, कुणाचे ब्रेक, कुणाच्या चासीला वेल्डिंगचे टाके पडले. विलिस, सीजे थ्री बी, एमएम ५४०, जुनी जिप्सी, लष्कराच्या लिलावातून बाहेर आलेली जोंगा. या गाड्यांना कायद्यात धड नाव नाही. ज्या हातांनी त्या चालत्या ठेवल्या, त्या हातांनाही नाही.

माझे म्हणणे साधे आहे. दुरुस्त करून चालती ठेवलेली जुनी गाडी हा तिसरा प्रकार मानला पाहिजे. ती कंपनीच्या कागदाशी किती जुळते यावर तिची परीक्षा होऊ नये. ती रस्त्यावर कशी चालते, कशी थांबते आणि किती धूर सोडते यावर व्हावी. आणि त्या परीक्षेत मिस्त्रीच्या सहीला किंमत असावी. हे म्हणताना मी गाडीमालकांची वकिली करतोय असे कुणी समजू नये. त्यांच्यातल्याच काहींनी हा प्रश्न बिघडवून ठेवला आहे. त्यावरही बोलायचे आहे.

‘मूळ’ म्हणजे कुठले मूळ?

जुन्या जीपच्या प्रत्येक वादात एक शब्द हमखास येतो. ‘ओरिजिनल’. कागदात जे लिहिले आहे ते ओरिजिनल, बाकी सगळी छेडछाड. पण जीपचा इतिहास पाहिला तर हा शब्द फार वेळ टिकत नाही.

दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या दोन अमेरिकी कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपगाड्या बांधल्या. युद्ध संपले त्याच वर्षी, १९४५ मध्ये, लुधियानात ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ नावाची पोलादाचा व्यापार करणारी कंपनी निघाली. कैलाशचंद्र आणि जगदीशचंद्र हे महिंद्रा बंधू, आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. १९४७ मध्ये कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्याच वर्षी फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनीच्या नावातला ‘मोहम्मद’ गेला आणि त्या जागी दुसरा ‘महिंद्रा’ आला. या देशातल्या जीपने पहिला पार्ट बदलला तो स्वतःच्या नावातला.

पुढचे बदल लोखंडातले. १९५३ च्या सीजे थ्री बी या मॉडेलचे बॉनेट इतके उंच का, याचे उत्तर कुठलाही जुना मिस्त्री देईल. विलिसने नवे इंजिन बनवले, ते जुन्यापेक्षा उंच होते, जुन्या बॉनेटखाली मावेना. मग कंपनीने बॉनेटच उंच केले. आपल्या गल्लीतला मिस्त्री करतो तेच. महिंद्राने हीच जीप पुढे कित्येक वर्षे काढली. नंतर आलेल्या एमएम ५४० मध्ये अमेरिकी घराण्याच्या गाडीत प्यूजो या फ्रेंच कंपनीचे २.१ लिटरचे डिझेल इंजिन बसले. ज्याने ही गाडी खोलली आहे त्याला माहीत असते की तिच्यासाठी पान्यांचे दोन सेट लागतात. चासी-एक्सलचे नट इंचाच्या मापाचे, इंजिनाचे मिलिमीटरचे. एका गाडीत दोन देशांची मापे, आणि तरी ती कंपनीच्या कागदावर शंभर टक्के ‘ओरिजिनल’.

इंग्लंडची लँड रोव्हर घ्या. तिचा पहिला नमुना १९४७ मध्ये तयार झाला तो अमेरिकी जीपच्या चासीवर. मॉरिस विल्क्स या रोव्हर कंपनीच्या अभियंत्याकडे शेतावर युद्धातली जुनी जीप होती. तिला पर्याय शोधता शोधता ही गाडी जन्माला आली. म्हणजे ज्या गाडीला जग अस्सल मानते, तिची सुरुवातही दुसऱ्याच्या जुन्या गाडीवर हात चालवूनच झाली.

कंपनीने बदल केला तर ते ‘मॉडेल’ आणि मिस्त्रीने केला तर ‘गुन्हा’, हा फरक मला पटत नाही. यावर एक रास्त उत्तर आहे. कंपनी आपला बदल हजारो किलोमीटर चालवून तपासते, मिस्त्री तपासत नाही. हे खरे आहे. पण मग उपाय तपासणीचा हवा, सरसकट बंदीचा नव्हे.

कायद्याच्या टेबलावर

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते की नोंदणीपुस्तकातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाने करू नये. इंधनाचा प्रकार बदलण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवता येते. इंजिन बदलायचे असेल तर आरटीओची मंजुरी लागते. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडक अर्थाने वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने शिक्षाही वाढवली. नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

न्यायालयाची काळजी मला समजते. रस्ता सगळ्यांचा आहे. कुणी ट्रकची चाके लावलेली जीप बाजारातून नेत असेल तर पायी चालणाऱ्याचा जीवही कायद्याने पाहायला हवा. पण सुक्याबरोबर ओलेही जळते, तसे इथे झाले. ज्याने ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवले तो आणि ज्याने सायलेन्सर कापला तो, दोघांसाठी शब्द एकच: बदल.

आता विंटेजचा नियम पाहा. जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. नोंदणीचे २०,००० रुपये. अशी गाडी प्रदर्शनात, रॅलीत, इंधन भरायला आणि दुरुस्तीला नेता येते, रोजच्या कामाला नाही. ऐतिहासिक ठेवा जपायला हे ठीक आहे. पण यातून निघणारा न्याय पाहा. एखाद्या संस्थानिकाच्या गॅरेजमध्ये पन्नास वर्षे ताडपत्रीखाली झोपलेली जीप वारसा ठरते. आणि जी जीप चाळीस वर्षे डोंगरातल्या वाडीवरून बाळंतिणीला दवाखान्यात आणत राहिली, जिथे एसटी पोहोचत नव्हती तिथे वडाप म्हणून माणसे वाहत राहिली, आणि त्या कष्टात जिचे इंजिन दोनदा बदलावे लागले, ती वारसा ठरत नाही. वापरात झिजली हाच तिचा दोष.

तिच्या वाट्याला येते ती पंधरा वर्षांची रांग. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ मध्ये मोटारीसाठी ही फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये वेगळे. महाराष्ट्रात पर्यावरण कर आणखी निराळा. पुण्या-मुंबईच्या हौशी मालकाला हा एका टायरचाही खर्च नाही. खटाव-माण भागातल्या शेतकऱ्याला तो टोचतो.

हाताला काय कळते

आमच्या घरी १९८९ सालची एमएम ५४० आहे. वडिलांनी सेकंडहँड घेतली, शेतावर वापरली, आता मी चालवतो. गेल्या पंधरा वर्षांत मी तिच्या निमित्ताने मिस्त्रींच्या गॅरेजात जितके तास बसलो तितके कुठल्या वाचनालयात बसलो नसेन. तिथे पाहिलेली एक गोष्ट सांगतो.

जुन्या जीपचे पुढचे चाक किंगपिनवर वळते. तिची बेअरिंग सैल झाली की वेग घेताच स्टेअरिंग थरथरायला लागते, इतके की हातात धरवत नाही. ती घट्ट करायला पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. एक काढली की घट्ट, एक घातली की सैल. जास्त घट्ट झाली तर स्टेअरिंग जड होते आणि बेअरिंग खाल्ली जाते. कंपनीच्या पुस्तकात यासाठी स्प्रिंगचा काटा लावून ओढ मोजायला सांगितले आहे. आमचे मिस्त्रीचाचा काटा लावत नाहीत. ते जोड हाताने ओढतात, डोळे मिटतात, आणि म्हणतात, “एक और निकाल.” शागीर्द चकती काढतो. पुन्हा ओढतात. “बस.” नंतर ती गाडी मी घाटात उतरवली आहे, हात सोडला तरी सरळ जाते.

एकदा काटा आणून मीच मोजून पाहिले. आकडा पुस्तकातल्या मर्यादेत आला. चाचांना सांगितले तर त्यांना त्यात नवल वाटले नाही. त्यांनी वेगळेच विचारले, “गाडी तो मैं बना देता भाई, कागद कौन बनाएगा?”

हा प्रश्न या सगळ्या व्यवसायाचा आहे. महाराष्ट्राच्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, स्टँडच्या मागे किंवा हायवेच्या कडेला ओळीने गॅरेजे दिसतील. डेंटर, पेंटर, रेडिएटरवाला, कमानपाटेवाला, लेथवाला, वायरमन. यातली बरीच दुकाने आपल्या लोकांची. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात मुस्लिमांमध्ये नोकरीपेक्षा स्वयंरोजगाराचे प्रमाण मोठे असल्याचे नोंदवले होते. ते कागदावरचे वाक्य प्रत्यक्षात कसे दिसते ते पाहायचे तर या ओळीत दिसते. पुण्याच्या नाना पेठेतले पार्टचे दुकानदार, कुर्ल्याच्या भंगारबाजारातले जुने गिअरबॉक्स निवडून ठेवणारे, आणि त्यांच्याकडून तो माल आणून तिसऱ्याच गाडीत बसवणारा मिस्त्री ही एकच साखळी आहे. कंपनीने ज्या पार्टचे उत्पादन कधीच थांबवले, तो या साखळीत अजून मिळतो. नाही मिळाला तर लेथवर होतो.

या माणसांकडे प्रमाणपत्र नसते. आठव्या-नवव्या वर्षी शाळा सुटली, उस्तादाच्या हाताखाली पाने पुसत शिकले. मुलांना शाळेबाहेर काढून कामाला जुंपण्याच्या त्या रीतीचे गोडवे मी गाणार नाही. ती संपलीच पाहिजे. पण त्या रीतीतून आलेले ज्ञान तिच्याबरोबर संपावे असे कुठे आहे? आपल्या समाजात शिक्षणाविषयी बोलताना आपण डॉक्टर, इंजिनिअर, स्पर्धा परीक्षा एवढेच बोलतो. सत्कारात मुलांच्या टक्क्यांचा आकडा वाचतो. ज्याच्या गॅरेजच्या कमाईतून ते टक्के आले, तो बाप शेवटच्या रांगेत हात खिशात घालून बसतो, कारण नखांतले काळे वंगण निघत नाही. दाऊद पैगंबरांच्या हाती लोखंड मऊ झाले आणि त्यांनी चिलखते घडवली, हे आपण बयानात ऐकतो. आणि बाहेर येऊन लोखंडाशी झुंजणाऱ्याला ‘नुसता मेकॅनिक’ म्हणतो.

मालकांनी काय बिघडवले

आता दुसरी बाजू. गेल्या काही वर्षांत जुनी जीप ही हौस झाली. हौस वाईट नाही. तिच्यामुळे कित्येक गाड्या भंगारातून परत आल्या आणि मिस्त्रींना काम मिळाले. पण तिच्याबरोबर दिखाऊपणाही आला.

गाडी उंच दिसावी म्हणून एक्सलवर कमानपाटे चढवले जातात. जुन्या विलिसला पाटे एक्सलच्या खाली असतात. ते वर आणले की गाडी काही इंच उठते. फोटोत छान दिसते. पण प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो, क्रॉस लवकर झिजतात, स्टेअरिंगच्या दांड्यांचा कोन बिघडतो आणि खड्ड्यात गेल्यावर गाडी आपोआप एका बाजूला ओढते. वजन वर गेल्याने वळणावर उलटण्याचा धोका वाढतो तो वेगळाच. मोठे टायर लावले की मीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो आणि ब्रेकला जास्त जोर लागतो. चाचांसारखे मिस्त्री हे आधी सांगतात. मालक म्हणतो, “तुम्ही लावा हो.” मग पुढचे पाप कुणाचे?

छतावरच्या एलईडी पट्ट्यांनी समोरच्याला आंधळे करायचे, कापलेल्या सायलेन्सरने झोपलेले गाव उठवायचे, पुढे लोखंडी गार्ड लावून मिरवायचे. हे गार्ड बसवू नयेत असे केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले, कारण धडकेत ते पायी माणसाला जास्त इजा करतात. पावसाळ्यात सह्याद्रीच्या सड्यांवर चाके फिरवून माती उखडायची आणि त्याला निसर्गप्रेम म्हणायचे. कासचे पठार जागतिक वारसा यादीत गेले ते चाकांचे ठसे उमटवण्यासाठी नव्हे. त्या पातळ मातीत फुले येतात आणि ती माती एकदा वाहून गेली की लवकर परत येत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला जास्त खटकते. टायर-लाइटवर लाखभर रुपये घालणारा मालक मिस्त्रीच्या मजुरीत पाचशे रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो. पार्टचे बिल असते म्हणून ते मान्य, हुनराचे बिल नसते म्हणून तो फुकट.

धुराचे काय?

पर्यावरणवादी मित्र विचारतात, तीस वर्षांचे डिझेल इंजिन चालू ठेवण्यात कसला पुरुषार्थ? प्रश्न खरा आहे. जुने इंजिन नव्यापेक्षा जास्त धूर ओकते, हे नाकारण्यात अर्थ नाही. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले ते तिथल्या हवेमुळे.

पण वय पाहून सगळ्यांना एकच शिक्षा देण्याने धूर मोजला जात नाही. वर्षाला दोन हजार किलोमीटर चालणारी शेतावरची जीप आणि शहरात रोज शंभर किलोमीटर धावणारी टॅक्सी यांचा धूर सारखा नसतो. पंप आणि नोझल वेळेवर तपासलेले जुने इंजिन आणि हयगय केलेले जुने इंजिन यांचाही नसतो. शिवाय नवी गाडी आकाशातून पडत नाही. तिचे पोलाद, रबर, काच करायलाही कोळसा जळतोच. दाट वस्तीच्या शहरात जुन्या डिझेलला मज्जाव करा, माझी हरकत नाही. पण डोंगरातल्या गावाला मुंबईच्या हवेचा नियम लावू नका.

मग करायचे काय?

हे अशक्य नाही, याचा दाखला बाहेर आहे. ब्रिटनमध्ये लोक आपल्या जुन्या लँड रोव्हर पिढ्यान्‌पिढ्या खोलत आणि जोडत आले. तिथल्या वाहन नोंदणी खात्याने अशा गाड्यांसाठी अनेक वर्षे गुणांची पद्धत वापरली. मूळ चासीला ५ गुण, सस्पेन्शन, एक्सल, गिअरबॉक्स आणि स्टेअरिंगला प्रत्येकी २, इंजिनाला १. मूळ चासी राखून ८ गुण भरले तर गाडीची ओळख कायम. इंजिनाला सगळ्यात कमी गुण, हे मुद्दाम लक्षात घ्या. ते बदलावे लागते, हे तिथल्या खात्याने गृहीतच धरले. ही पद्धत जशीच्या तशी उचला असे मी म्हणत नाही. पण किती बदल झाला म्हणजे गाडी दुसरी होते, हे ठरवता येते, एवढे तरी त्यातून सिद्ध होते.

आपल्याकडे तीन गोष्टी करता येतील. पहिली, बदलांची वर्गवारी. सुरक्षा वाढवणारे बदल, म्हणजे डिस्क ब्रेक, सीट बेल्ट, डोक्यावरचा मजबूत सांगाडा, हे तपासून मान्य करावेत आणि नोंदणीपुस्तकात लिहावेत. दिखाव्याच्या धोकादायक बदलांना आजच्यापेक्षा कडक दंड असला तरी चालेल. दुसरी, नूतनीकरणाच्या वेळी ब्रेक, स्टेअरिंग आणि धूर यांची यंत्रावर खरी तपासणी. पास झाली तर वयाचा जादा भार कमी करावा. नापास झाली तर घरी, मग मालक कितीही मोठा असो.

तिसरी, मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी. मिस्त्रीची नोंदणी. न शिकता आलेल्या पण काम येणाऱ्या माणसाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत आहेच. त्या प्रमाणपत्राला आज भिंतीवर टांगण्यापलीकडे फारसा उपयोग नाही. ते आरटीओच्या तपासणीशी जोडा. गाडीत काय काम केले याचा दाखला प्रमाणित मिस्त्रीने सही करून द्यावा. सही केली की जबाबदारी आली. जबाबदारी आली की मालकाच्या हट्टाला ‘नाही’ म्हणायचे बळ येते, आणि मजुरीही आपोआप सुधारते.

यातले पहिले दोन सरकारचे काम आहे. तिसऱ्याची सुरुवात मोहल्ल्यातून होऊ शकते. स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शन वर्ग चालवणाऱ्या आपल्या संस्थांनी एक वर्ग गॅरेजवाल्यांसाठी ठेवावा. अर्ज भरून द्यावेत, परीक्षेची भाषा समजावून द्यावी, आणि बिल कसे लिहायचे ते शिकवावे. मजुरीचा रकाना त्यात सगळ्यात वर असावा. आणि जीपवाल्या मित्रांना एवढेच सांगणे आहे की पुढच्या खेपेला गाडी घ्यायला जाल तेव्हा ते बिल मागून घ्या, आणि त्यावरचा आकडा न घासता द्या.